डूम इटर्नल : खेळाडूच्या हातातला लगाम काढून घेतला का?

वेताळ

डूम या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमच्या २०१६ च्या भागावरच्या धाग्यात इटर्नलचा, म्हणजे त्याच्या पुढच्या भागाचा, वाद सारखा शिरतोय, म्हणून हा वेगळा धागा. इटर्नल २० मार्च २०२० ला आला, त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी चाहत्यांमधले दोन तट जसेच्या तसे आहेत. माझे आक्षेप दोन.

पहिला, खेळण्याबद्दल. २०१६ मध्ये आवडती बंदूक हातात घ्यायची आणि रिंगणात उतरायचं. इटर्नलमध्ये कोणत्या डीमनला (नरकातल्या राक्षसाला) कशाने मारायचं हे गेमच ठरवतो आणि काडतुसं इतकी तुटपुंजी देतो की दुसरा मार्ग उरतच नाही.

दुसरा, कथेबद्दल. २०१६ च्या शेवटी मंगळावरच्या तळाचा प्रमुख सॅम्युअल हेडन क्रूसिबल ही तलवार काढून घेतो आणि स्लेयरला, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाला, कुठेतरी पाठवून देतो. इटर्नल सुरू होतो तेव्हा स्लेयर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्वतःच्या किल्ल्यात उभा! तो तिथे कसा पोचला, व्हेगा हा संगणकी मेंदू त्याच्याबरोबर कसा, क्रूसिबलचं काय झालं, यातलं काहीही खेळताना समोर येत नाही. एका भागाचं शेवटचं पान आणि दुसऱ्याचं पहिलं पान यांच्यामधली पानं फाडून टाकल्यासारखं वाटतं.

मुद्द्यांवर बोलू या. 'नवखे खेळाडू' वगैरे शेरे नकोत.

गणिती

काडतुसांचं आधी घेतो, कारण तिथे आकडे बोलतात.

इटर्नलमध्ये शॉटगनची काडतुसं सुरुवातीला जास्तीत जास्त १६, सेंटिनल क्रिस्टल (क्षमता वाढवणारे स्फटिक) वापरून गोळ्यांची मर्यादा पूर्ण वाढवली तर २४. दुनळीच्या (सुपर शॉटगनच्या) एका बाराला २ लागतात. म्हणजे सुरुवातीला ८ बार, शेवटी १२. हे कमीच आहे आणि मुद्दाम कमी ठेवलंय. पण चेनसॉने (साखळी-करवतीने) डीमन चिरला की गोळ्या मिळतात, त्याचा हिशेबही त्याबरोबर धरायला हवा. इंधनाचे तीन ठिपके असतात, त्यातला पहिला आपोआप भरत राहतो आणि चिल्लर डीमनला एकच ठिपका पुरतो. त्यात भर म्हणजे रिंगणातले मोठे डीमन मरेपर्यंत चिल्लर डीमन येतच राहतात. ते धोका म्हणून तिथे नसतातच, तो तुमचा दारूगोळ्याचा साठा आहे. हे एकदा लक्षात आलं की गोळ्या संपणं ही अडचण राहत नाही. दर अर्ध्या-पाऊण मिनिटाने एक झोंबी किंवा इंप चिरायचा, इतकंच.

आता २०१६ कडे बघा. तिथे 'रिच गेट रिचर' नावाचा रून (खास शक्ती) होता. चिलखत १०० किंवा वर असलं की गोळ्या खर्चच होत नसत, आणि रून वाढवला की ती अट ७५ वर यायची. गेमच्या उत्तरार्धात दुनळी आणि गॉस कॅनन या दोन बंदुकांवर सगळं निभायचं. बाकीची शस्त्रं चाकावर नुसती दिसायची. ज्या स्वातंत्र्याची तुम्ही आठवण काढताय ते प्रत्यक्षात दोन बंदुकांचं स्वातंत्र्य होतं. आयडी सॉफ्टवेअर या निर्मात्या कंपनीने नेमकी तीच फट बुजवली.

उल्का

गणिती, आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य.

काडतुसांची टंचाई मला चालते. खटकतो तो कुलूप-किल्लीचा प्रकार. कॅकोडीमनच्या तोंडात स्टिकी बॉम्ब गेला की तो लगेच ग्लोरी किलसाठी (जवळून घालायच्या शेवटच्या घावासाठी) तयार. प्लाझ्मा ढालवाल्यावर प्लाझ्मा रायफल चालवली की ढाल फुटून आजूबाजूचेही मरतात. इथपर्यंत छान, कारण हे शोधून काढायला मजा आली असती. पण गेम शोधूच देत नाही. नवा डीमन आला की खेळ थांबवून चौकट उघडते आणि उत्तर हातात ठेवलं जातं. शिक्षकाने प्रश्नाआधीच उत्तर फळ्यावर लिहावं तसं.

सेटिंग्जमध्ये ट्यूटोरियल बंद करता येतात हे माहीत आहे. ज्यांनी अजून सुरू केला नसेल त्यांनी जरूर करावेत. पण निर्मात्यांना ती चौकट लागली याचाच अर्थ डीमनचं रूप आणि हालचाल स्वतःहून पुरेसं सांगत नव्हती. अ‍ॅरक्नोट्रॉनची पाठीवरची तोफ बघा. वर उठून दिसते, तिथूनच मारा होतो, तीच फोडायची हे डोळ्यांना कळतं. मॅनक्युबसच्या दोन्ही हातांच्या तोफांचंही तसंच. पण कॅकोडीमनने बॉम्ब गिळावा हे सांगितल्याशिवाय किती जणांना सुचलं असतं?

निशाचर_९

जांभळ्या चिखलाबद्दल कोणीच बोलत नाही? ज्या गेमचा सगळा जीव उडी आणि डॅशमध्ये (झटक्यात सरकण्यात), तिथे दोन्ही काढून घेणारी जमीन का ठेवावी? भिंतींना लटकत जायचे टप्पे मला आवडतात. दोन रिंगणांमध्ये हाताला विसावा मिळतो. चिखल मात्र नुसता अडवतो, देत काहीच नाही.

तोफखाना

वाद चालू द्या. वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा गेम दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला रुतलाय त्यांच्यासाठी क्रम लिहितो, कारण बहुतेक तक्रारी क्रम चुकल्यामुळे येतात.

तीन गोष्टी तीन ठिकाणी मिळतात. ग्लोरी किलने प्राण, चेनसॉने गोळ्या, फ्लेम बेल्चने (आगीच्या झोताने) चिलखत. नवीन खेळाडू यातली प्रत्येक गोष्ट संपल्यावर मागायला जातो, आणि तिथेच मरतो. रिंगणात शिरल्या-शिरल्या चिल्लर डीमनच्या घोळक्यावर आग टाका, लगेच त्यातच ग्रेनेड फेका. जळत असताना बसलेल्या माऱ्यातून चिलखताचे तुकडे पडतात. आधी मारून मग आग लावली तर काहीच हाती लागत नाही. ही चूक फार जण करतात. त्यानंतर मोठ्या डीमनच्या तोफा मोडायच्या : अ‍ॅरक्नोट्रॉनला हेवी कॅननचा प्रिसिजन बोल्ट किंवा स्टिकी बॉम्ब, मॅनक्युबसला आणि रेव्हेनंटच्या खांद्यांनाही तेच. आधी दात पाडायचे, जीव नंतर घ्यायचा. तोफ गेलेला अ‍ॅरक्नोट्रॉन लांबून फारसं काही करू शकत नाही, त्याला शेवटी ठेवलं तरी चालतं.

दोन ग्लोरी किल झाले की ब्लड पंच हा जोरदार ठोसा भरतो. तो चिल्लर डीमनवर वाया घालवू नका. इंधनाचंही तसंच. शेवटचा ठिपका शिल्लक असताना मोठ्या डीमनवर चेनसॉ चालत नाही, त्याला जास्त ठिपके लागतात. आणि नेमक्या घाईत बटण दाबलं की स्लेयर नुसता उभा राहतो.

कळांबद्दल : शस्त्रांचं चाक वेळ मंद करतं, पण लयही तोडतं. माऊस-कीबोर्डवर प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र कळ द्या आणि दुनळी व बॅलिस्टा ही दोन सर्वात हाताशी ठेवा, शक्य असेल तर माऊसच्या बाजूच्या बटणांवर. एकदा बार काढला की तीच बंदूक पुन्हा तयार होण्याची वाट बघायची नसते. ती थांबेपर्यंत दुसरी चालवायची. इटर्नलचा अर्धा वेग पायांत आहे आणि अर्धा या अदलाबदलीत.

रून निवडताना 'एअर कंट्रोल' आधी घ्या. हवेत दिशा बदलता आली की मीट हुकचा (दुनळीला लावलेल्या आकड्याचा) खरा उपयोग कळतो. हूक लावून डीमनकडे सरळ ओढलं जाण्यापेक्षा त्याच्या बाजूने गोफणीसारखं फिरून वर निघता येतं. मीट हुकची मास्टरी पूर्ण केली की हूक लागलेला डीमन पेटतो, म्हणजे चिलखताचा दुसरा झरा.

उल्का

तोफखाना, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पण माझा मुद्दा यातूनच पक्का होतो. एवढं सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर सगळे एकाच पद्धतीने खेळतात.

तोफखाना

एकाच पद्धतीने नाही. भाषेचं व्याकरण सगळ्यांना एकच असतं, बोलणं प्रत्येकाचं वेगळं. एकच रिंगण दोन चांगल्या खेळाडूंचं बघा. एक जण जमिनीवर राहून शॉटगनचा फुल ऑटो चालवतो, दुसरा हुकवर हुक टाकत खाली उतरतच नाही. तोफा मोडायच्याच असंही बंधन नाही. नाईटमेअर या अवघड पातळीवर बरेच जण तेवढ्या गोळ्यांत मॅनक्युबस थेट मारतात.

वेताळ

कथेवर येऊ या.

२०१६ मधला एक प्रसंग इथे सगळ्यांना पाठ असेल. हेडन विनवतोय की आर्जंटचे फिल्टर जपून काढ, ती ऊर्जा माणसांच्या कामाची आहे. स्लेयर ऐकून घेतो आणि लाथेने फिल्टर फोडतो. एक शब्द न बोलता पात्र उभं राहतं : तुमची कारणं तुमच्यापाशी, मला हे संपवायचंय. सुरुवातीलाच तो बोलणारा पडदा बाजूला भिरकावतो, तेही तसंच. कथा होती, पण नायकाला तिच्यात रस नव्हता, आणि हीच त्या गेमची कथा सांगण्याची पद्धत होती.

इटर्नलमध्ये त्याच माणसाला पूर्वजन्म, राजघराणं, आर्जंट डी'नूर, सेंटिनल, मेकर, उर्डाक, डिव्हिनिटी मशीन असा सगळा पसारा दिला. कोडेक्सची (गेममधल्या माहितीच्या नोंदींची) पानं वाचली नाहीत तर डीग निलॉक्स, डीग रानाक आणि डीग ग्राव हे तिघे पुजारी नेमके कोण आणि त्यांना मारल्याने काय थांबतं हेही धड कळत नाही. गूढ होतं तोवर स्लेयर मोठा वाटत होता.

शिलालेख

वेताळ, फिल्टरच्या प्रसंगाबद्दल पूर्ण सहमत. २०१६ मध्ये त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण इटर्नलची कथा फक्त कोडेक्समध्ये आहे हे बरोबर नाही.

नेक्राव्होल ही लेव्हल सावकाश फिरून बघा. माणसांचे आत्मे पिळून आर्जंट ऊर्जा बनते हे तिथे कोणी भाषण देऊन सांगत नाही. यंत्रं चाललेली दिसतात, त्यात माणसं जाताना दिसतात. आता मागे वळून २०१६ आठवा. हेडन ज्या ऊर्जेला मानवजातीचा उद्धार म्हणत होता ती हीच. स्लेयरची लाथ तेव्हा नुसता राग वाटली होती, नेक्राव्होलनंतर तिला कारण मिळतं. माझ्या मते इटर्नलने पहिल्या भागाला दिलेली ही सर्वात मोठी देणगी आहे, आणि ती एकही पान न वाचता मिळते.

मेकर लोकांची प्रमुख खान मेकर हिचा सौदाही तितका अवघड नाही. तिच्या लोकांना टिकायला ती ऊर्जा हवी, नरकाला नवी जगं हवीत, पुजारी मधले दलाल. पृथ्वी त्या सौद्यातला पुढचा माल. तीन पुजारी मारायचे म्हणजे दलाली मोडायची. बिट्रेयर (विश्वासघातकी) या पात्राची गोष्टही याच धाग्यात गुंफलेली आहे. मेलेला मुलगा परत मिळेल या आशेने तो स्वतःच्या लोकांना विकतो, आणि परत मिळतं ते आयकॉन ऑफ सिनच्या रूपात. म्हणजे शेवटच्या बॉसवर वार करताना आपण एका बापाच्या चुकीवर वार करत असतो. डूममध्ये एवढा करुण धागा मला तरी आधी दिसलेला नाही.

किल्ल्याचा खुलासा नाही हे मात्र खरं. त्याचा बचाव होऊ शकत नाही. एक छोटं दृश्य पुरलं असतं.

उल्का

शिलालेख, नेक्राव्होलबद्दल मान्य. पण कॅमेऱ्याबद्दल बोला. २०१६ चा जोर याच्यात होता की आपण स्लेयरच्या डोळ्यांतून बाहेर पडत नव्हतो. त्याची मूठ, त्याचे हात, तेवढंच दिसायचं, आणि हातांतूनच त्याचा स्वभाव कळायचा. इटर्नलमध्ये दृश्यं आली की कॅमेरा बाहेर जातो आणि समोर शिरस्त्राण घातलेला एक धिप्पाड गडी दिसतो. त्या क्षणी तो मी राहत नाही.

गंमत अशी की इटर्नलचा सर्वात गाजलेला प्रसंग डोळ्यांतूनच आहे. फोबॉस या मंगळाच्या चंद्रावरच्या तळावर स्लेयर चालत जातो, माणसं वाट सोडून भिंतीला चिकटतात, आणि ओळखपत्र हवं म्हणून तो एकाच्या गळ्यातली दोरी धरून त्यालाच ओढत नेतो. पुढे मंगळाला तोफेने भोक पाडतो, तेही वाट जवळ पडावी म्हणून. इथे एका वाक्याचीही गरज पडत नाही. ज्यांना हे जमतं त्यांनी बाकी ठिकाणी भाषणं का ठेवली?

निशाचर_९

+१. फोबॉस म्हणजे इटर्नलमधला शुद्ध २०१६.

घड्याळजी

मधेच प्रश्न विचारतो. एआरसी कॉम्प्लेक्स या लेव्हलच्या शेवटी पहिल्यांदा येणाऱ्या मारॉडर या ढालवाल्या डीमनवर नंतर बीएफजी ही सर्वात मोठी बंदूकही का लागत नाही? आणि त्याची ढाल नेमकी कशाने मोडायची?

तोफखाना

ढाल मोडत नाही. बीएफजी आणि क्रूसिबल दोन्ही ती अडवते. मोडायच्या नादात राहाल तर गोळ्या संपतील आणि वर तो लालसर कुत्रा सोडेल. ढालीवर गोळीबार करणं हीच पहिली चूक.

सगळा खेळ अंतराचा आहे. फार जवळ गेलात तर तो शॉटगन झाडतो, फार लांब राहिलात तर कुऱ्हाडीचे झोत फेकतो. मधल्या अंतरावर राहिलात की तो धावत येऊन कुऱ्हाड उगारतो, त्याचे डोळे हिरवे चमकतात आणि आवाजही होतो. तेव्हाच आणि फक्त तेव्हाच बार टाकायचा. हिरव्या चमकेआधी टाकला तर ढालीवर जातो, उशीर झाला तर कुऱ्हाड अंगावर.

बार बसला की तो क्षणभर डळमळतो. त्या फटीत एकच फटका मारून थांबू नका. बॅलिस्टा, लगेच दुनळी, लगेच पुन्हा बॅलिस्टा. सुरुवातीला दोनच जमले तरी पुरे. मग मागे सरकून पुन्हा मधलं अंतर. पाठ फिरवून पळू नका, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे डॅश मारा, नाहीतर पुढची चमक दिसणारच नाही. कुत्रा आला तर आधी त्याला एका गोळीत संपवा, तो चावत असताना अंतर राखता येत नाही. चेनसॉचा विचार सोडून द्या.

सारखं मरायला होत असेल तर गेम सेंटिनल आर्मर देऊ करतो. घ्यायला हरकत नाही, चमक ओळखायला डोळे सरावले की पुढच्या वेळी नाकारा.

गणिती

एक भर. ढाल तो समोर धरतो. रिमोट डेटोनेट लावलेलं रॉकेट त्याच्या पाठीमागे नेऊन फोडलं तर स्फोटाची झळ लागते. मुख्य मार्ग तोफखान्यांनी सांगितला तोच.

उल्का

आणि इथेच माझी मुख्य हरकत आहे. बाकी सगळा गेम ओरडून सांगतो : थांबू नका, हल्ला करा, नवी शस्त्रं वापरा. मारॉडर म्हणतो : थांब, वाट बघ, मी सांगेन तेव्हा मार. एकटा असताना तो छान द्वंद्व देतो. पण नंतरच्या रिंगणांत इतर डझनभर डीमनबरोबर तो येतो तेव्हा दोनच पर्याय राहतात. एक, त्याला टाळत बाकीचे संपवायचे आणि शेवटी सगळं रिंगण रिकामं असताना त्याच्यासमोर नाचत बसायचं. दुसरा, सगळ्यांच्या गोळ्या खात त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचं. दोन्हींमध्ये लय मरते.

गणिती

तिसरा पर्याय आहे. त्याला मधल्या अंतरावर 'चालवत' ठेवायचं. म्हणजे बाकीच्यांशी लढताना तो कायम आपल्या दृष्टीच्या कडेला राहील असं फिरायचं. चमकेचा आवाज आला की वळून दोन बार, पुन्हा आपलं काम. त्याला वेगळं द्वंद्व न मानता ताल मानायचं. अवघड आहे, मान्य. पण शेवटच्या लेव्हलमध्ये हे जमलेला खेळाडू आणि पहिल्या लेव्हलमधला खेळाडू यांच्यात जो फरक पडतो, तो २०१६ मध्ये कधीच पडत नव्हता. तिथे तिसऱ्या तासाला जे येत होतं तेच शेवटपर्यंत पुरायचं.

उल्का

हे वाक्य मला पटलं. मारॉडर अजूनही आवडणार नाही, पण २०१६ चा उत्तरार्ध सपाट होता हे नाकारता येत नाही.

वेताळ

इटर्नलच्या द एन्शंट गॉड्स या पुरवणी भागांबद्दल कोणी लिहील का? माझ्या मते दोन्ही तटांना तिथेच सर्वात जास्त दारूगोळा मिळतो.

शिलालेख

कथेच्या बाजूने पहिला भाग, ऑक्टोबर २०२०, चांगली सुरुवात करतो. सॅम्युअल हेडन म्हणजेच समूर मेकर हा उलगडा तिथे होतो, आणि २०१६ पासून हेडनला एवढं ज्ञान कुठून या प्रश्नाला उत्तर मिळतं. दुसरा भाग, मार्च २०२१, घाई करतो. दावोथ हाच मूळ निर्माता, बाकी इतिहास मेकरांनी फिरवलेला, हा एवढा मोठा उलटफेर शेवटच्या लढाईतल्या दोन-चार संवादांत उरकलाय. ज्यांनी कोडेक्स वाचलंय त्यांनाही तो पचायला वेळ लागतो. अकरा-बारा लेव्हल ज्याची तयारी करायला हवी होती ते असं संपतं.

तोफखाना

खेळण्याच्या बाजूने पहिल्या भागातला स्पिरिट हा उल्कांच्या हरकतीचा खरा पुरावा आहे, मारॉडरपेक्षाही. तो दुसऱ्या डीमनमध्ये शिरून त्याला वेगवान आणि चिवट करतो. तो डीमन मेला की भूत बाहेर पडतं आणि ते फक्त प्लाझ्मा रायफलच्या मायक्रोवेव्ह बीमने मरतं. हा बीम चालवताना स्लेयरची चाल मंदावते. म्हणजे ज्या गेममध्ये थांबणं म्हणजे मरण, तिथे रिंगणाच्या मधोमध थांबायला लावतात, आणि दुसरा इलाज ठेवत नाहीत. इथे किल्ली एकच आहे, तीही गंजलेली.

उपाय : स्पिरिट शिरलेल्या डीमनला मोकळ्यावर मारू नका. हुकने किंवा नुसतं मागे सरकत त्याला खांबाआड किंवा कोपऱ्यात ओढा आणि तिथे संपवा. शेवटचा घाव घालण्याआधी आईस बॉम्ब हाताशी भरलेला असू द्या. आजूबाजूचे गोठवले की बीमपुरता वेळ मिळतो. भूत बाहेर येण्याआधीच बीम निवडून ठेवा, नाहीतर ते पुढच्या डीमनमध्ये शिरतं आणि सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या भागात त्यांनी हातोडा दिला, क्रूसिबलच्या जागी. ही दुरुस्ती उत्तम. क्रूसिबल म्हणजे एका घावात मोठा डीमन गायब, त्यात कौशल्य नव्हतं. हातोडा घोळक्याला स्तब्ध करतो, पुढे काय करायचं ते तुमच्यावर. स्टोन इंपला मात्र शॉटगनचा फुल ऑटोच लागतो, पुन्हा कुलूप-किल्ली. आणि डार्क लॉर्डची (दावोथची) लढाई म्हणजे मोठा मारॉडर : हिरवी चमक, मधलं अंतर, वर त्याचा घाव बसला की त्याचेच प्राण वाढतात. तिथे घाई करणारा हरतो. फटके कमी मारले तरी चालतील, खायचे नाहीत.

निशाचर_९

मे २०२५ मध्ये आलेल्या डूम द डार्क एजेसमध्ये डबल जंप नाही, ढाल आहे, आणि हिरवा मारा परतवायचा असतो. म्हणजे मारॉडरची हिरवी चमक अख्ख्या गेमचा पाया झाली. उल्का, तुमची बाजू हरली की जिंकली?

उल्का

जिंकली असं म्हणेन. तिथे थांबून परतवणं हा पहिल्या मिनिटापासूनचा नियम आहे, सगळं त्याभोवती बांधलंय, त्यामुळे ते परकं वाटत नाही. इटर्नलमध्ये तोच नियम अर्धा गेम झाल्यावर पाहुण्यासारखा येतो. नियमाशी माझं भांडण नव्हतं, तो कुठे ठेवला याच्याशी होतं.

घड्याळजी

तोफखाना, मधल्या अंतराचं आणि चमकेचं जमलं. मारॉडर पडला. दुनळीनंतरचा दुसरा बॅलिस्टा मात्र दर वेळी ढालीवर जातोय. काय चुकतंय?

तोफखाना

पहिला बार चमकेच्या शेवटी पडतोय म्हणून फट आखूड होतेय. चमक दिसल्यावर बॅलिस्टा निवडू नका, ती आधीपासून हातात हवी आणि निशाणा छातीवर. डोळ्यांऐवजी आवाजावर बोट दाबा, तो ओळखायला सोपा जातो. दुनळीचा बार झाला की तिची काडतुसं भरण्याची हालचाल संपायची वाट न बघता लगेच बॅलिस्टाची कळ. तरीही तिसरा बार जात नसेल तर तो सोडा, दोन बार आणि मागे डॅश. एका फेरीने लढाई लांबेल, पण ढालीवर बार वाया जाणार नाही आणि कुत्राही कमी वेळा येईल.